सांगलीत जुन्या चित्रपटांची साप्ताहिक बैठक सुरू करायची असेल तर

हाताशी एखादा छोटा हॉल आहे, चार समविचारी माणसं आहेत आणि आठवड्यातून एक संध्याकाळ सगळ्यांनी एकत्र बसून जुना चित्रपट बघावा असं मनात आहे, तर हा लेख तुमच्यासाठी. आम्ही सांगलीत अशी बैठक चालवतो. तासगाव, विटा, पार साताऱ्याहून आलेली मंडळी विचारतात, आमच्याकडे हे कसं सुरू करायचं? त्यांना तोंडी जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. जुने चित्रपट आज मोबाईलवर पडून आहेत. चित्रपट कुठे मिळत नाही म्हणून तुमच्या हॉलवर कुणी येणार नाही. माणसं येतात ती चार जणांत बसून हसायला, मध्यंतरात चहा घ्यायला आणि संपल्यावर "त्यानं बायकोला आधीच सांगायला पाहिजे होतं" असं कुणाशी तरी वाद घालून बोलायला. एकट्या राहणाऱ्या निवृत्त माणसांना, नोकरीसाठी नव्याने गावात आलेल्या मुलामुलींना याची फार गरज असते. म्हणून जागा, वेळ, खुर्च्या, काहीही ठरवताना एवढंच बघा: याने लोक एकमेकांशी बोलतील का?

जागा

चाळीस-पन्नास माणसं बसतील एवढीच जागा घ्या. वाचनालयाचा हॉल, शाळेचा मोठा वर्ग, सोसायटीची सामायिक खोली, काहीही चालेल. मोठा हॉल फुकट मिळत असला तरी नको. दोनशे खुर्च्यांत तीस माणसं बसली की प्रत्येक जण कोपरा धरतो आणि कुणीच कुणाशी बोलत नाही. तीच तीस माणसं छोट्या खोलीत बसली की खोली भरल्यासारखी वाटते.

जागा बघायला संध्याकाळीच जा. दुपारी चांगली दिसणारी जागा रात्री नऊ वाजता कशी आहे, बाहेर दिवा आहे का, गाडी लावायला जागा आहे का, हे तेव्हाच कळतं. जिना असेल तर कठडा धरून चढून बघा, कारण तुमचे निम्मे प्रेक्षक साठीच्या पुढचे असणार आहेत. स्वच्छतागृह नीट नसेल तर बायका एकदा येतील, पुन्हा येणार नाहीत. हॉलच्या मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीचा आवाज घुमत राहिला तर संवाद कळणार नाहीत. मग खाली सतरंज्या अंथरायच्या, खिडक्यांना जाड पडदे लावायचे आणि मागच्या भिंतीवर एखादी गोधडी टांगायची. एवढ्याने खूप फरक पडतो.

सांगलीत आणखी एक गोष्ट बघावी लागते. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड या बाजूला जागा असेल तर पावसाळ्यात प्रोजेक्टर, स्पीकर आणि वायरींची पेटी तळमजल्यावर ठेवू नका. २०१९ च्या पुरात नगर वाचनालयाची पुस्तकं कशी पाण्यात गेली ते इथे सगळ्यांना माहीत आहे. जुलै लागला की सामान विश्रामबाग भागात कुणाच्या तरी वरच्या मजल्यावर हलवायचं आणि दर शनिवारी तिथून आणायचं. पाणी चढायला लागल्यावर बैठक बंद, हे आधीच सांगून ठेवा. त्या दिवसांत आपल्या माणसांना कुणाच्या घरी हलवायचं असेल तर हाच ग्रुप कामाला येतो.

वार आणि वेळ

वार एकच, वेळ एकच. "या आठवड्यात रविवारी, पुढच्या आठवड्यात शुक्रवारी" असं दोनदा झालं की लोकांची सवय मोडते. आम्ही शनिवार धरला. साडेपाचला दार उघडायचं, सहाला चित्रपट, साडेआठच्या आसपास तो संपवायचा, मग अर्धा तास गप्पा. माधवनगर, कुपवाड, मिरजेकडे परतणाऱ्यांना नऊच्या पुढे ताटकळत ठेवणं बरोबर नाही. बायकांना संध्याकाळच्या मालिका सोडून यायचं असतं, स्वयंपाकाचं बघून यायचं असतं. त्यांना विचारूनच वेळ ठरवा, त्यांच्या वतीने तुम्ही ठरवू नका.

गणपतीचे दिवस आणि दिवाळी एवढ्या दोनच सुट्ट्या. साध्या पावसासाठी बैठक रद्द करायची नाही. तिघे आले तरी चित्रपट लावायचा. भिजत आलेल्या माणसाला कुलूप दिसलं तर तो पुन्हा येत नाही, आणि ही गोष्ट तो दहा जणांना सांगतो.

हक्क आणि परवानग्या

हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा हक्क तो प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं टिकतो. म्हणजे १९५३ चा चित्रपट २०१३ च्या डिसेंबरअखेर मोकळा झाला, १९६० चा २०२० च्या डिसेंबरअखेर. सुरुवातीला याच जुन्या चित्रपटांवर राहा. हक्क अजून न संपलेल्या कुठल्याही चित्रपटासाठी निर्मात्याची किंवा सध्याच्या हक्कदाराची लेखी परवानगी घ्या. जुन्या चित्रपटातली गाणी आणि मूळ कथा यांचे हक्क वेगळे असू शकतात, म्हणून हक्कदाराचं घराणं किंवा संस्था माहीत असेल तर हक्क संपलेला असला तरी एक नम्र पत्र पाठवावं. बरेचदा आनंदाने होकार येतो आणि वर एखादी आठवणही लिहून येते.

ओटीटीचं सदस्यत्व घरच्या वापरासाठी असतं. स्वतःच्या खात्यावरून चित्रपट लावून हॉलमध्ये चाळीस जणांना दाखवणं त्याच्या अटींत बसत नाही. सार्वजनिक प्रदर्शनाला सेन्सॉरचं प्रमाणपत्रही लागतं. तिकीट लावून, दार सगळ्यांना उघडं ठेवून चित्रपट दाखवायचा असेल तर चित्रपटगृहांच्या परवान्याचे नियम लागू होतात, त्याची चौकशी जिल्हाधिकारी कार्यालयात आधी करा. आमचा सल्ला असा की तिकिटाच्या वाटेलाच जाऊ नका. सभासद करा, नावं नोंदवा, वर्गणी घ्या.

बैठक वर्षभर टिकली तर फिल्म सोसायटी म्हणून रीतसर नोंदणी करावी. फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही शिखर संस्था १९५९ मध्ये स्थापन झाली, सत्यजित राय तिचे पहिले अध्यक्ष. तिचं सभासदत्व मिळालं की इतर सोसायट्यांशी ओळखी होतात आणि चित्रपट मिळण्याच्या वाटा उघडतात. पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ चं आहे. जुन्या चित्रपटांच्या प्रतींची चौकशी तिथे करावी.

पडदा, प्रोजेक्टर आणि आवाज

प्रोजेक्टर लगेच विकत घेऊ नका. पहिले दोन-तीन महिने भाड्याने आणा किंवा एखाद्या क्लासवाल्याकडून मागून आणा. अंधाऱ्या छोट्या हॉलला ३००० ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर पुरतो. साध्या प्रोजेक्टरला पडद्याच्या रुंदीच्या साधारण दीडपट अंतर लागतं. पडदा आठ फूट रुंद असेल तर प्रोजेक्टर बारा फुटांवर. तो तिरपा ठेवून बटणांनी चित्र सरळ करत बसू नका, त्याने चित्राची धार जाते. स्टूल, पुस्तकं, पुठ्ठा, काहीही खाली घाला, पण तो पडद्याच्या बरोबर समोर आणा.

पडदा म्हणून चकाकी नसलेली पांढरी भिंत उत्तम. कापड लावायचं असेल तर ते खालून काठीला शिवून ताणून घ्या, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने नायिकेचा चेहरा हलत राहतो. चित्राची खालची कड जमिनीपासून चार फुटांवर ठेवा. समोरच्या काकांचं डोकं मध्ये येतं ही सगळ्यात जास्त वेळा येणारी तक्रार आहे आणि तिच्यावर एवढाच उपाय आहे.

आता एक गोष्ट, जी जवळजवळ सगळे नवे लोक चुकतात. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतचे चित्रपट चौकोनाकडे झुकणाऱ्या चौकटीत चित्रित झालेले आहेत. उंची एक धरली तर रुंदी १.३७. आजचे पडदे त्याहून रुंद असतात, आणि प्रोजेक्टर किंवा लॅपटॉप पडदा भरण्यासाठी चित्र आडवं ताणून देतो. मग सगळी पात्रं बुटकी आणि जाडी दिसतात. प्रेक्षकांना नेमकं काय बिघडलंय ते कळत नाही, नुसतं बघवत नाही. तपासायची पद्धत सोपी आहे. चित्रपटात कुठेही गोल वस्तू दिसली की थांबवा. बैलगाडीचं चाक, जातं, कपाळावरचं कुंकू. ते लांबट दिसत असेल तर सेटिंगमध्ये जाऊन ४:३ निवडा. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येतील. येऊ द्या. कुणी "पडदा पूर्ण भरत नाही" म्हणालं तर त्यांना तेच चाक दोन्ही प्रकारे दाखवा, पुन्हा विचारणार नाहीत.

आवाजाचं काम चित्रापेक्षा अवघड आहे. जुन्या चित्रपटांचा ध्वनी एकाच पट्टीवरून येतो, त्यात खर्जही कमी आणि वरचे बारीक आवाजही कमी. लग्नातले मोठे स्पीकर आणून बेस वाढवला की सगळं एकमेकांत कालवलं जातं आणि संवादातला एक शब्द धड ऐकू येत नाही. दोन साधे स्पीकर पुरे. ते पडद्याच्या दोन्ही बाजूंना, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर ठेवा. बेस कमी करा, मधला आवाज थोडा वाढवा. मग सगळे पंखे चालू करून स्वतः शेवटच्या रांगेत जाऊन बसा आणि पाच मिनिटं डोळे मिटून ऐका. एप्रिल-मे महिन्यात पंख्यांचा आवाज एवढा असतो की रिकाम्या हॉलमध्ये नीट वाटलेला आवाज गर्दीत बुडतो. कार्यक्रमाच्या वेळी शेवटच्या रांगेत आपला एक माणूस बसवावा, त्याने हात वर केला की आवाज एक घर वाढवायचा.

बाकीचं थोडक्यात. चित्रपट इंटरनेटवरून लावू नका, फाईल लॅपटॉपमध्ये असू द्या आणि पेन ड्राईव्हवर दुसरी प्रत ठेवा. लॅपटॉपचं वायफाय बंद, झोपेचं सेटिंग बंद. वायरी भिंतीकडेने नेऊन चिकटपट्टीने दाबा, अंधारात कुणी अडखळायला नको. वीज जातेच, म्हणून इन्व्हर्टर नसेल तर दोन मोठे चार्जिंगचे दिवे हवेत. वीज गेल्यावर लोकांना नुसतं बसवून ठेवू नका. आमच्याकडे अशा वेळी कुणीतरी त्याच चित्रपटातलं गाणं म्हणतं आणि बाकीचे ठेका धरतात.

कोणते चित्रपट

पहिला चित्रपट फार लांब नको, फार रडका नको, आणि वडीलधाऱ्यांना आधीपासून माहीत असलेला हवा. प्रभातचा १९३६ चा 'संत तुकाराम' यासाठी अगदी योग्य. विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम आणि गौरी यांची जिजाई बघायला तीन पिढ्या एका रांगेत बसतात. तरुणांना वाटतं की भक्तिपट म्हणजे कंटाळा. पण गाई-म्हशी, पोरं आणि चूल सांभाळणारी जिजाई बोलायला लागली की तेच सगळ्यात जोरात हसतात.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाद घालता येईल असा चित्रपट घ्या. १९३७ चा 'कुंकू' घेतला तर चर्चा आवरताना तुमची दमछाक होईल. म्हाताऱ्या माणसाशी फसवून लग्न लावलेली मुलगी त्याला नवरा मानायला नकार देते, हा विषय आजही घरोघरच्या माणसांना बोलतं करतो. त्याची लांबी मात्र अडीच तासांच्या पुढे आहे, त्या दिवशी पाऊण तास लवकर सुरू करा.

आपल्या मातीशी नातं असलेले चित्रपट मुद्दाम शोधा. ग. दि. माडगूळकर याच जिल्ह्यातले, १९१९ मध्ये आटपाडी तालुक्यातल्या शेटफळ्यात जन्मलेले. त्यांची गीतं असलेला १९६० चा 'जगाच्या पाठीवर' लावला की हॉल गुणगुणायला लागतो. साखर कारखाना आणि गावचं राजकारण यावरचा 'सामना' सांगली-साताऱ्याच्या माणसांना जितका कळतो तितका दुसऱ्या कुणाला कळत नसेल. तो सत्तरच्या दशकातला आहे, म्हणजे परवानगी हवी, पण तिच्यासाठी खटपट करण्यासारखा आहे. महिन्यातून एकदा हिंदी आणि अधूनमधून एखादा मूकपट ठेवा. मूकपटाला भाषा लागत नाही, नातवंडं आणि आजी-आजोबा एकाच क्षणी हसतात.

निवडलेला चित्रपट आधी घरी पूर्ण बघा. पहिली दहा मिनिटं बघून चालत नाही. जुन्या प्रतींत मधला भाग गायब असतो, आवाज पुढे-मागे झालेला असतो, कधी एखादं अख्खं गाणं कापलेलं असतं.

प्रत्यक्ष संध्याकाळ

दाराशी एक माणूस फक्त स्वागतासाठी हवा. त्याच्याकडे दुसरं कुठलंही काम देऊ नका. नवीन माणूस दारात घुटमळतो, आत बघतो, ओळखीचं कुणी दिसत नाही म्हणून मागे फिरतो. हे दहा सेकंदांत घडतं. त्या दहा सेकंदांत कुणीतरी पुढे होऊन "या काका, पहिल्यांदाच आलात ना? चहा घ्या आधी" म्हणायला हवं. नाव विचारायचं, कुठे राहता ते विचारायचं आणि त्याच भागातल्या एखाद्या नेहमीच्या माणसाशेजारी नेऊन बसवायचं. "या वानलेसवाडीच्या, तुमच्याच बाजूच्या" एवढं सांगितलं की पुढचं त्या दोघी बघतात. नव्या माणसाला समोर उभं करून ओळख करून द्यायला लावू नका. लाजरी माणसं त्या एका कारणाने पुन्हा येत नाहीत.

चहा आधी एकदा आणि मध्यंतरात एकदा. भडंग मध्यंतरातच द्यावं. सांगलीचं लसणाचं भडंग आधी वाटलं तर चित्रपटभर कागदाची कुरकुर होते आणि बंद हॉलमध्ये वास भरतो. कागदाच्या पुड्यांऐवजी स्टीलच्या वाट्या ठेवा. त्या धुवायला प्रेक्षकांतलेच दोघे-तिघे उठतात, आणि ज्याने एकदा वाट्या धुतल्या तो पाहुणा राहत नाही, बैठकीचा होतो.

चित्रपटाची ओळख पाच मिनिटांची. कथा सांगायची नाही, पुरस्कारांची यादी वाचायची नाही. बघण्यासारखी किंवा ऐकण्यासारखी एकच गोष्ट लोकांच्या हाती द्यायची. 'कुंकू'च्या वेळी सांगा की यात पार्श्वसंगीत नाही, जे ऐकू येतं ते घरातल्या आणि रस्त्यावरच्या आवाजांतून येतं, कान देऊन ऐका. 'संत तुकाराम'च्या वेळी सांगा की 'आधी बीज एकले' हे तुकोबांचं नाही, ते या चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिलं. हे ऐकून हॉलमध्ये हमखास कुजबुज होते आणि गाणं आलं की सगळे सावरून बसतात.

संपल्यावर दिवे एकदम लावू नका, मागचा एक आधी. मग खुर्च्या गोलात फिरवा. रांगेत बसलेली माणसं भाषण ऐकतात, गोलात बसलेली बोलतात. माईक बंद. "कसा वाटला?" असं विचारलं की "छान होता" एवढंच उत्तर मिळतं. त्याऐवजी "कुठला प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही?" असं विचारा. प्रत्येकाला एक प्रसंग आठवतोच. चित्रपटाचा अभ्यास असलेल्या माणसाला आधीच बाजूला घेऊन विनंती करा की तुम्ही तिसऱ्या-चौथ्या नंबरवर बोला. तो आधी बोलला की बाकीच्यांना आपलं म्हणणं किरकोळ वाटतं.

वयस्कर मंडळींकडे या वेळी नीट लक्ष द्या. जत्रेतल्या तंबूत, मातीवर बसून हेच चित्रपट पाहिलेली माणसं अजून आपल्यात आहेत. पडद्याच्या मागे बसून उलटं चित्र पाहिल्याचं, रीळ तुटल्यावर झालेल्या गोंधळाचं ते सांगतात. ते बोलायला लागले की वेळेकडे बघू नका. त्यांची परवानगी घेऊन फोनवर आवाज नोंदवून ठेवा, तारीख आणि गाव लिहून ठेवा. हे पुन्हा मिळणार नाही. ज्यांना घाई आहे त्यांना मध्येच उठून जायची मोकळीक आहे हे सुरुवातीलाच सांगितलेलं असावं, म्हणजे दोन्हीकडची अडचण होत नाही.

पैसे

हॉलचं भाडं, वीज, चहा, प्रोजेक्टर. सभासदांची मासिक वर्गणी आणि दाराशी एक डबा, ज्याला जे जमेल ते. विद्यार्थ्यांकडून काही घेऊ नका, त्यांना खुर्च्या लावायला सांगा. दर महिन्याचा जमाखर्च एका कागदावर लिहून चहाच्या टेबलाजवळ लावा. स्थानिक दुकानदाराने चहा दिला तर तोंडी आभार माना, पडद्यावर जाहिरात दाखवायची अट मान्य करू नका.

माणसं टिकवणं

चौथ्या-पाचव्या आठवड्यानंतर गर्दी ओसरते, ती सगळीकडेच ओसरते. अशा वेळी नवा, जास्त नावाजलेला चित्रपट शोधण्यापेक्षा वहीत बघा. दाराशी एक वही ठेवायची, त्यात नाव, भाग आणि फोन. सलग दोन शनिवार न दिसलेल्या माणसाला फोन करायचा. "का आला नाहीत?" असं विचारायचं नाही, "बरं आहे ना?" असं विचारायचं. कुणाचे गुडघे दुखत असतात, कुणाला रात्री गाडी चालवायची भीती वाटते. मग त्याच भागातल्या चारचाकीवाल्याशी जोडून द्यायचं. आमच्याकडे नियमित येणाऱ्यांतले कितीतरी जण अशा फोनमुळे टिकले आहेत.

जूनमध्ये सुरुवात करू नका, पहिल्याच महिन्यात पाऊस आणि शाळांची धांदल तुम्हाला गाठेल. दिवाळी संपल्यावरचा दुसरा शनिवार धरा. पाऊस गेलेला असतो, परीक्षा लांब असतात, आणि सहा वाजता बाहेर अंधारायला लागतं, त्यामुळे जाड पडदे अजून शिवून झाले नसले तरी काम भागतं. फक्त हॉल मंगल कार्यालयाचा असेल तर तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा त्यांच्याकडून आत्ताच लिहून घ्या.